तेलात बुडालेला क्लच पकडतो तरी कसा?

प्रश्न : आमच्याकडे काकांची १९७४ची बुलेट आहे, साडेतीनशेची. वाईहून पाचगणीला निघालं की पसरणी घाटात इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी आपली आहे त्याच वेगाने चढत राहते. गावात फिरताना मात्र काही जाणवत नाही. मेकॅनिक म्हणतो, क्लच घसरतोय, प्लेटा बदला. बोलता बोलता त्याने सांगितलं की या प्लेटा तेलात असतात, आणि तिथेच माझं डोकं अडकलं. तेल लावलं की वस्तू घसरते. मग हा क्लच पकडतो कसा? इतकी वर्षं पकडत होता, तो आत्ताच का घसरायला लागला? आणि घसरायचाच असेल तर गावात का नाही घसरत?
– एक वाचक, वाई

उत्तर : तेल तिथे असतं हे खरं, पण क्लचचा लिव्हर पूर्ण सोडलेला असतो तेव्हा प्लेटांच्या मधे ते नावापुरतंच उरतं. कसं ते कळायला आधी आत काय आहे ते बघू.

बुलेटच्या डाव्या अंगाला ते लांबट, चकचकीत झाकण आहे ना, त्याला चेनकेस म्हणतात. त्याच्या पुढच्या टोकाला इंजिनचं स्प्रॉकेट, मागच्या टोकाला क्लच, आणि दोघांना जोडणारी दुहेरी ओळीची प्रायमरी चेन. क्लचचा बाहेरचा ड्रम या चेनमुळे इंजिनबरोबर फिरतो. आतला हब गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवलेला असतो. ड्रम आणि हब यांच्या मधे प्लेटांची चळत असते: एक घर्षणाची, एक साध्या पोलादाची, पुन्हा एक घर्षणाची. एकीचे कान ड्रममध्ये अडकतात, दुसरीचे हबमध्ये. चळतीवर प्रेशर प्लेट आणि तिच्यावर तीन स्प्रिंगांचा दाब. हा दाब आहे तोवर चळत एकजीव होऊन फिरते. तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून एक सळई, म्हणजे पुशरॉड, उजवीकडून येते आणि प्रेशर प्लेटला बाहेर ढकलते. दाब गेला की प्लेटा एकमेकींपासून सुटतात.

लिव्हर सोडताना स्प्रिंगा चळत आवळतात आणि मधलं बहुतेक तेल कडेने पिळून बाहेर जातं. पृष्ठभागाला धरून बसलेला अगदी पातळ थर तेवढा राहतो, आणि त्या थरातून घर्षणाच्या मालाचे बारीक उंचवटे पोलादाला भिडतात. जुन्या क्लचमध्ये पोलादी चकतीला भोकं पाडून त्यांत बुचाचे तुकडे बसवत. बूच निवडायचं कारण हेच, की ते दबतं, सच्छिद्र असतं, आणि तेल लागलं तरी पकड सोडत नाही. पुढे त्याची जागा दाबून बनवलेल्या घर्षणाच्या मालाने घेतली.

तरी तेलामुळे पकड कमी होते, यात तुमचं काही चुकत नाही. कोरड्या प्लेटेचा घर्षणांक साधारण ०.३ ते ०.४ असतो, तेलातल्या प्लेटेचा ०.१च्या आसपास येतो. ही तूट प्लेटांची संख्या वाढवून भरून काढतात. कारचा क्लच सहसा कोरडा आणि एकाच प्लेटेचा असतो, पण ती प्लेट जेवायच्या ताटाएवढी असते. मोटरसायकलवर तेवढी जागा कुठून आणणार? म्हणून लहान प्लेटांची चळत. दर जोडीला दोन पृष्ठभाग भिडतात आणि सगळ्यांच्या पकडीची बेरीज होते. शिवाय तेल दोन कामं फुकटात करतं: प्लेटा घासताना निघालेली उष्णता वाहून नेतं आणि झिजेची भुकटी धुऊन काढतं. चेनलाही तेच तेल मिळतं.

आता, आत्ताच का घसरायला लागला? इथे मी तुमच्या मेकॅनिकच्या आधी तुम्हाला थांबवतो. घसरणाऱ्या क्लचवर पहिला उपाय म्हणून प्लेटा बदलायची आपल्याकडे रीत पडली आहे, आणि ती मला पटत नाही. पकड ठरते दाबावर, तेलावर आणि प्लेटांच्या मालावर, आणि तपासायचंही याच क्रमाने. दाब तपासायला पानाही लागत नाही.

गाडी बंद असताना क्लचचा लिव्हर बोटाने हळूच ओढून बघा. लिव्हर आणि त्याच्या बुडाशी असलेल्या कवळ्याच्या मधे दोन-तीन मिलिमीटरची फट पडेपर्यंत तो मोकळा यायला हवा. यालाच मेकॅनिक प्ले म्हणतात. प्ले नसेल, म्हणजे लिव्हर हलवताक्षणी केबल ताठ होत असेल, तर तुमच्या घसरणीचं कारण बहुधा तिथेच आहे. केबल ओढलेली, पुशरॉड प्रेशर प्लेटला सतत टेकलेला, आणि स्प्रिंगांचा थोडा जोर चळतीऐवजी त्या सळईवर खर्च होतोय. तुम्ही लिव्हरला हात लावलेला नसतो, तरी क्लच अर्धवट दाबलेला असतो.

आणि यात एक गंमत आहे, जिच्यामुळे भलेभले फसतात. ब्रेक झिजला की लिव्हर सैल पडतो, म्हणून आपण तो आवळतो. क्लचमध्ये उलटं होतं. प्लेटा झिजल्या की चळतीची जाडी कमी होते, स्प्रिंगा प्रेशर प्लेटला आणखी आत ओढतात आणि ती पुशरॉडच्या जवळ येते. म्हणजे झीज होते तसा प्ले वाढत नाही, कमी होत जातो. एकेक प्लेट केसभरच झिजली तरी सगळ्यांची झीज एकाच सळईपाशी जमा होते. अशा वेळी कुणी ब्रेकच्या सवयीने केबल थोडी आवळून दिली, की चांगल्या प्लेटासुद्धा आठवड्याभरात जळतात. टेकलेल्या पुशरॉडचं टोक तापतं, त्याचा कडकपणा जातो आणि ते चेपायला लागतं, हा वरचा भुर्दंड.

दुसरं तेल. चेनकेसवर लेव्हलचा स्क्रू असतो. गाडी मेनस्टँडवर सरळ उभी करा, स्क्रू काढा आणि तेल त्या भोकाच्या काठाशी आहे ना ते पाहा. तुम्ही न घालताच तेल वाढलेलं असेल, तर ते इंजिनमधून येतंय. क्रँकच्या त्या बाजूचं सील थकलं की इंजिन ऑइल चेनकेसमध्ये उतरतं. कधी गिअरबॉक्सचं दाट तेल पुशरॉडच्या वाटेने झिरपत थेट प्लेटांवर येतं. या दोन्हींचा बंदोबस्त न करता नव्या प्लेटा टाकल्यात तर त्या नव्या प्लेटाही घसरतील आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या द्याल.

घाटातच का, हा तुमचा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे, कारण त्याचं गॅरेजमध्ये मिळणारं उत्तर बहुधा चुकीचं असतं. 'वरच्या गिअरला क्लचवर जास्त लोड येतो,' असं सांगतात. क्लच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसलेला आहे. पुढे गिअर पहिला आहे की चौथा, हे त्याला कळायचं काही कारण नाही. इंजिनने दिलेला पीळ चेनमार्फत जसा येतो तसा तो पुढे देतो. फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने. पहिल्या-दुसऱ्यात तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलात तरी इंजिन झपाट्याने रेस घेतं. बुलेटचं फ्लायव्हील जड. त्याला वेग द्यायलाच इंजिनचा बराचसा पीळ खर्च होतो, क्लचपर्यंत पोचतो तो उरलेला. आणि पुढच्या दोन-चार सेकंदांत तुम्ही गिअर बदलता. घाटात तिसऱ्या-चौथ्यात ॲक्सिलरेटर उघडा, वेग स्थिर, फ्लायव्हीलला काही द्यायचं नाही, म्हणजे ३४६ सीसीचा सगळा पीळ मिनिटामागून मिनिट क्लचवर. त्यातून ७० मिलिमीटरचा बोअर आणि ९० मिलिमीटरचा स्ट्रोक असलेलं हे इंजिन कमी फेऱ्यांनाच दणकून ओढणारं. क्लचची ऐपत गरजेपेक्षा जराशी कमी पडत असेल तर ती इथेच उघडी पडते. एकदा घसरला की तापतो, तापला की पकड आणखी कमी होते.

खात्री करायची असेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगाने चालवा आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण उघडा. आवाज चढला पण काटा जागचा हलला नाही, तर क्लच घसरतोय. बुलेटवर आणखी एक खूण घरबसल्या मिळते. तिची किक गिअरबॉक्समधून आणि क्लचमधूनच इंजिनपर्यंत जाते. चावी लावा, किक सावकाश दाबत अँपिअर मीटरचा काटा बघा. इंजिन फिरलं की पॉइंट उघडमीट होतात आणि काटा मधून डावीकडे हलतो. किक कॉम्प्रेशनवर अडायच्या ऐवजी संथपणे खाली जात राहिली आणि काटा मात्र गप्प राहिला, तर इंजिन फिरतच नाहीये, प्लेटा एकमेकींवरून सरकताहेत. किकचं रॅचेट गेलेलं असेल तर तीही खाली जाते, पण खट्टकन झटका देऊन.

प्ले बरोबर आहे, तेल बरोबर आहे, तरी घसरतो? मग चेनकेस उघडा. मेकॅनिकचं म्हणणं आता खरं धरायचं.

डावा फूटरेस्ट काढावा लागतो. तुमच्या गाडीचा ब्रेकही डावीकडे, तो पेडलही वाटेतून बाजूला घ्यावा लागेल. खाली परात ठेवा. चेनकेसचं झाकण मधल्या एकाच नटावर आहे. तो सुटला की झाकण हातात येतं आणि आतलं तेल परातीत. स्प्रिंगांचे तिन्ही बोल्ट एकदम एक-एक पूर्ण सोडवू नका. आळीपाळीने थोडे थोडे सोडवा, नाहीतर प्रेशर प्लेट तिरकी होऊन अडकते. मग टोक वाकवलेल्या तारेने एकेक प्लेट बाहेर ओढा आणि जशी निघेल तशी, त्याच क्रमाने, त्याच तोंडाने वर्तमानपत्रावर मांडत जा. मोबाइलवर फोटो काढलात तर उत्तम. काही चळतींत पोलादाच्या एक-दोन प्लेटा मुद्दाम किंचित खोलगट केलेल्या असतात. त्या उलट्या बसल्या की पुढचे आठ दिवस डोकेदुखी.

आता बघायचं काय? घर्षणाचा माल पोलादाच्या पातळीपर्यंत उतरलाय का, चकाकतोय का, जळका वास येतोय का. पण लोक घर्षणाच्या प्लेटांकडे बघतात आणि पोलादाच्या प्लेटांना पुसून परत लावतात, तिथे फसतात. पोलादाची सपाट प्लेट काचेच्या तुकड्यावर ठेवा, कडेने बोटाने टिचकी मारा. डुगडुगली तर वाकलेली आहे. उजेडात तिरकी धरा: निळसर-जांभळे डाग दिसले तर ती तिथे प्रचंड तापलेली आहे. अशी प्लेट नव्या घर्षणाच्या प्लेटेला पूर्ण भिडत नाही, मधूनमधून भिडते, आणि नवी प्लेट तिथल्या तिथे जळायला सुरुवात होते. स्प्रिंगाही नव्या स्प्रिंगेशेजारी उभ्या करून उंची ताडा. तिन्ही सारख्या हव्यात. एक जरी बसलेली असेल तर तिन्ही बदला. ड्रमच्या खाचांच्या कडांवर प्लेटांच्या कानांनी खळगे पाडले असतील तर ते कानशीने हलके साफ करा. प्लेटा तिथे अडकल्या की ना धड सुटतात, ना धड आवळतात.

एक ताकीद. जुन्या प्लेटांच्या मालात ॲस्बेस्टॉस असायचं. काकांच्या गाडीत मूळच्या प्लेटा असतील तर त्या पॉलिश पेपरने घासू नका आणि ड्रममधली भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधली पोरं सर्रास फुंकर मारून साफ करतात. त्यांनाही सांगा.

नवा माल घ्यायला जाताना जुनी प्लेट बरोबर न्या. मद्रासला १९५५मध्ये एनफिल्ड इंडिया सुरू झाली ती रेडिचच्या मूळ आराखड्यावर. इंग्लंडमधला रेडिचचा कारखाना बंद पडला तरी इथे बिडाच्या इंजिनची बुलेट पुढे कितीतरी वर्षं निघत राहिली, म्हणून पन्नास वर्षांच्या गाडीचा क्लच आजही पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत मिळतो. ही सोय तशी अडचणही आहे. दरम्यान बदल होत गेले, आणि वरून सारख्या दिसणाऱ्या प्लेटा कानांच्या रुंदीत किंवा जाडीत वेगळ्या निघतात. डुप्लिकेट मालाबद्दल तर बोलायलाच नको. काउंटरवर एकावर एक ठेवून पाहा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

नव्या घर्षणाच्या प्लेटा रात्रभर तेलात भिजत ठेवा, कोरड्या बसवू नका. चळत बसवून स्प्रिंगा आवळल्या की झाकण लावायच्या आधी लिव्हर दाबून प्रेशर प्लेटकडे बघा. ती सगळीकडून सारखी बाहेर यायला हवी. एक बाजू आधी उठत असेल तर त्या बाजूचा बोल्ट जरा आवळा. उघडलंच आहे तर प्रायमरी चेनही तपासा: चेन सर्वांत ताठ असते त्या जागी वर-खाली सुमारे पाव इंच हलावी. झाकणाचा रबर सील नवा घाला, आणि मधला नट मात्र जिवाच्या आकांताने आवळू नका. त्याने झाकण वाकतं आणि जास्तच गळतं.

शेवटी ॲडजस्टमेंट, आणि ती आतून बाहेर. आधी केबल दोन्ही टोकांना पूर्ण सैल करा. मग गिअरबॉक्सच्या उजव्या झाकणावरची छोटी टोपी काढून पुशरॉडचा स्क्रू टेकेपर्यंत फिरवा, तिथून अर्धा फेरा मागे घ्या, चेकनट आवळा. त्यानंतरच केबल ओढून लिव्हरला तो दोन-तीन मिलिमीटरचा प्ले द्या. उलट क्रमाने केलं तर केबलला प्ले दिसतो आणि आत सळई टेकलेलीच राहते. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांनंतर पुन्हा बघा, नव्या प्लेटा जरा बसतात आणि प्ले खातात.

प्रश्न : माझ्या जुन्या बुलेटचं नेमकं उलटं आहे. सकाळी क्लच पूर्ण दाबला तरी पहिला गिअर टाकताना मोठ्याने खट्ट होतं आणि गाडी पुढे उसळते. हाही क्लच घसरण्याचाच प्रकार का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, तुमचा क्लच सुटत नाही. रात्रभर थंड तेलाने प्लेटा एकमेकींना चिकटून बसतात. जुन्या बुलेटवाल्यांची रीत करा: सकाळी चावी न लावता क्लच दाबून धरा आणि किक दोन-तीनदा दाबा. चिकटलेल्या प्लेटा सुटल्या की किक हलकी होते. मग गाडी सुरू करा. दिवसभर गरम झाल्यावरही खट्ट होत राहिलं, तर प्ले जास्त असेल किंवा एखादी प्लेट वाकली असेल. घसरणीचा इलाज म्हणून कुणी स्प्रिंगा जास्त आवळून ठेवल्या असतील, तरीही हेच होतं.

प्रश्न : घाटात मधेच क्लच पूर्ण घसरायला लागला तर घरी कसं यायचं? आणि चेनकेसमध्ये कारचं इंजिन ऑइल घातलं तर चालतं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी थांबा आणि दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. नंतर लिव्हरपाशी केबलचा जो ॲडजस्टर आहे तो हाताने आत फिरवून केबल बरीच सैल करा. गिअर टाकताना थोडा त्रास होईल, पण पुशरॉड टेकत असेल तर पकड परत येते. खालच्या गिअरमध्ये, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, डबलसीट न बसता निघा. सैल करूनही घसरत असेल तर प्लेटा संपल्या. टेम्पो बघा. चढावर ओरडत नेली तर पोलादाच्या प्लेटाही जातील आणि खर्च वाढेल.

कारच्या तेलाचं उत्तर डब्यावर असतं. आजकालच्या कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारे घटक मिसळलेले असतात. इंजिनला त्यांचा फायदा, ओल्या क्लचला तोटा. मोटरसायकलच्या तेलांसाठी जपानची जासो नावाची प्रतवारी आहे. तिच्यात 'एमए' लिहिलेलं तेल ओल्या क्लचसाठी, 'एमबी' कमी घर्षणाचं. बुलेटच्या चेनकेसचं तेल इंजिनपासून वेगळं असल्यामुळे तिथे काय घालायचं ते तुमच्या हातात आहे. 'एमए' प्रतीचं २०डब्ल्यू-५० घ्या. बरेच जण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेलही घालतात आणि त्यावर प्लेटा चांगल्या सुटतात. पण चेनकेस गळका असेल तर ते पातळ तेल तुमच्या अंगणातच जास्त दिसेल.